शर्यत नसलेले महिने

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आजच्या समारंभाला मला बोलावले याचा आनंद आहे, पण त्याहून संकोच अधिक आहे. याच पटांगणात खाली सतरंजीवर बसून मी पाहुण्यांची भाषणे ऐकली आहेत आणि ती लवकर संपावीत अशी मनोमन प्रार्थनाही केली आहे. तेव्हा समोर बसलेल्या मुलांची अडचण मला चांगली ठाऊक आहे. मी विद्वान नाही. आय.टी.आय. करून एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी करतो. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर सायकल चालवतो. डोंगरातल्या सायकल शर्यतींत मी बरीच वर्षे भाग घेतला, आणि आता काही मुलांना ती विद्या शिकवतो.

अध्यक्ष महोदयांनी मला 'खेळ आणि यश' या विषयावर बोलावे असे कळवले होते. यशाची बक्षिसे आत्ताच वाटून झाली आहेत. टाळ्याही भरपूर वाजल्या. म्हणून मी त्या विषयाची दुसरी बाजू मांडणार आहे. वर्षातील ज्या महिन्यांत शर्यत नसते, बक्षीस नसते, टाळी नसते, त्या महिन्यांत खेळाडू काय करतो, हे मला सांगावयाचे आहे. माझ्या मते शर्यतीचा निकाल त्या महिन्यांतच लागतो. शर्यतीच्या दिवशी तो फक्त जाहीर होतो.

आधी हा खेळ कोणता ते सांगतो. आपल्याकडे सायकलची शर्यत म्हटली की डांबरी रस्त्यावरची शर्यत डोळ्यांसमोर येते. डोंगरी सायकलिंग, म्हणजे माउंटन बाइकिंग, हा निराळा प्रकार आहे. यात दगड, मुळे, चिखल, उभा चढ आणि त्याहून उभा उतार असतो. ऑलिंपिकमध्ये जी शर्यत होते तिचा फेरा सुमारे चार ते सहा किलोमीटरांचा असतो, आणि तो पुन्हापुन्हा घालून साधारण दीड तास झुंजावे लागते.

या खेळाचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या, जड सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी सुमारे दोन मैलांच्या एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचे नाव पडले 'रिपॅक'. हे नाव कसे पडले ते मला कळले त्या दिवशी मी हसलो, आणि मग माझे डोळे भरून आले. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. उतारावर तो इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. मग प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. पुन्हा ग्रीस भरणे म्हणजेच रिपॅक.

माझे अब्बा जन्मभर हेच काम करीत होते. येथल्या जुन्या लोकांना स्टँडजवळचे आमचे सायकल दुकान आठवत असेल. तासावर भाड्याने द्यायच्या बारा-चौदा सायकली, एक पंप, पाण्याची एक पाटी आणि पंक्चरचे सामान, एवढाच तो संसार होता. जगातील पहिल्या डोंगरी शर्यतीचे नाव माझ्या अब्बांच्या धंद्यावरून पडले, असे मी घरी येऊन सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तिकडेही ग्रीस कमीच भरत होते तर!"

पुढे या खेळाला मान मिळाला. १९९० साली अमेरिकेतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आशियाई स्पर्धा आपल्या देशात, केरळमधील पोनमुडीच्या डोंगरात भरली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. युरोपात या शर्यतींचा हंगाम साधारणपणे वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. नंतर थंडी, बर्फ, धुके. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा बिनशर्यतीचा काळ. या काळात जगातले चांगले खेळाडू काय करतात? पहिली गोष्ट, ते थांबतात. दोन-तीन आठवडे सायकलीला जवळजवळ हात लावीत नाहीत. फिरायला जातात, घरच्या माणसांत बसतात, पोटभर झोपतात.

पालक मंडळींना हे ऐकून आश्चर्य वाटेल. थांबले की अंगातले बळ जात नाही काय? जाते, पण किती आणि केव्हा, हे मोजले गेले आहे. अमेरिकेतील एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तम सराव असलेल्या सात जणांचा व्यायाम पूर्ण बंद ठेवला. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी घटली, आणि आठ आठवड्यांनी ती १६ टक्के खाली येऊन स्थिरावली. म्हणजे थोडी विश्रांती स्वस्त पडते, लांबलेली महाग पडते. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. बारा आठवडे बसून राहिल्यावरही, वर्षानुवर्षे सराव केलेल्या या माणसांची पातळी कधीच सराव न केलेल्या माणसांच्या वरच राहिली. स्नायूंत पसरलेले बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे तसेच टिकून होते. कष्टाने कमावलेले सगळेच वाहून जात नाही. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

विश्रांतीनंतर सुरू होते ती पायाभरणी. यात वेग नसतो, अंतर असते. तीन-चार तास सायकल चालवायची, पण अशा बेताने की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. बोलताना दम लागला तर समजावे की आपण चुकलो. ही चाल पाहणाऱ्याला आळशीपणाची वाटते. पण याच चालीने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, चरबी जाळून शक्ती मिळवण्याची सवय शरीराला लागते, आणि साखरेचा मोलाचा साठा शेवटच्या चढासाठी शिल्लक राहतो. हे काम आठवड्यांचे नाही, महिन्यांचे आहे. नॉर्वेत काम करणारे शरीरशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अनेक खेळांतल्या अव्वल दमदार खेळाडूंच्या सरावाचा हिशेब मांडला. त्यांना आढळले की हे लोक दहापैकी सुमारे आठ वेळा हलकाच सराव करतात. जिवाच्या आकांताने करायचा सराव उरलेल्या दोनच वेळा. हौशी माणसाचे नेमके उलट होते. त्याचा हलका सराव हलका नसतो, आणि म्हणून जड सराव पुरेसा जड होत नाही.

पायाभरणीबरोबर ताकदीचे व्यायाम येतात. बैठका, वजने, पोटाचे व कमरेचे व्यायाम. डोंगरातल्या उतारावर सायकल पायांनी कमी आणि कमरेने, खांद्यांनी व नजरेने अधिक चालवावी लागते. स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरचे उदाहरण घ्या. २००८ साली ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१२ साली रौप्य, २०१६ साली सुवर्ण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दीड तासाच्या झुंजीनंतर त्याचे सुवर्ण अवघ्या एका सेकंदाने हुकले. एका सेकंदाने हरलेला माणूस काय करतो? तो पुन्हा हिवाळ्याच्या सरावाला लागतो. एक पाय उचलून तोल सांभाळणे, डगमगत्या फळीवर उभे राहून वजन उचलणे, असल्या दिसायला पोरकट वाटणाऱ्या व्यायामांसाठी तो प्रसिद्ध होता. २००९ ते २०२२ या काळात त्याने दहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्या दहा दिवसांची छायाचित्रे सर्वत्र छापून आली. फळीवर तोल सांभाळण्याच्या हजारो सकाळींचे छायाचित्र कोण छापणार?

काही खेळाडू हिवाळ्यात दुसऱ्या प्रकारच्या शर्यतीही करतात. त्याला सायक्लोक्रॉस म्हणतात. युरोपातल्या चिखलात तासाभराची शर्यत. मध्ये अडथळे आले की उतरायचे, सायकल खांद्यावर टाकून पळायचे, पुन्हा उडी मारून बसायचे. इंग्लंडचा टॉम पिडकॉक या चिखलातच वाढला. २०२२ च्या जानेवारीत तो सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला. त्याआधी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलचे सुवर्ण त्याने घेतले होते, आणि तेही शर्यतीच्या सुमारे दोन महिने आधी अपघातात गळ्याजवळचे हाड मोडले असताना. २०२४ साली पॅरिसमध्ये त्याचे चाक पंक्चर झाले. चाक बदलताना अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ गेला, पुढचे खेळाडू दिसेनासे झाले. तरी त्याने एकेकाला गाठले आणि शेवटच्या फेरीत सुवर्ण मिळवले. लोक म्हणाले, काय जिद्द! जिद्द होतीच. पण चिखलात अडखळून पडायचे, उठायचे, पुन्हा लय पकडायची, याचा सराव त्याने लहानपणापासून प्रत्येक हिवाळ्यात केला होता. पॅरिसमध्ये त्याला नवे काही करावे लागले नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. हंगामी शर्यती नाहीत म्हणजे धोका नाही असे नव्हे. स्वित्झर्लंडचीच योलांडा नेफ ही खेळाडू २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात सराव करीत होती. शर्यत नव्हती, प्रेक्षक नव्हते. ती पडली, तिची प्लीहा फाटली, बरगडी मोडली, एक फुप्फुस निकामी झाले. त्यातून ती उठली. २०२१ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिकला काही आठवडे उरले असताना, तिचा हात मोडला. आणि जुलैत टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकले. दुसरी आणि तिसरीही स्वित्झर्लंडच्याच मुली आल्या. माझ्या विद्यार्थिनी भगिनींना आणि त्यांच्या मातापित्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. मात्र तिचा अर्थ असा घेऊ नका की हाडे मोडली तरी चालते. हेल्मेटशिवाय सायकलवर बसू नका, डोंगरात एकटे जाऊ नका, आणि घरी वाट सांगितल्याशिवाय निघू नका.

हे झाले मोठ्यांचे. आता लहान तोंडाने स्वतःची चूक सांगतो, कारण मला जे कळले ते या चुकीतून कळले.

२००९ साली मी हिमाचल प्रदेशातील एका अनेक दिवसांच्या डोंगरी शर्यतीत पहिल्यांदा उतरलो. रोज तीन-चार डोंगर चढायचे, रात्री तंबूत झोपायचे. मी कसाबसा पार पडलो, पण पार पडलो. गावी सत्कार झाला. त्या नारळाने आणि शालीने माझे डोके फिरले. मी ठरवले की आता एक दिवसही वाया घालवायचा नाही. ऑक्टोबरात हिमाचलाहून आलो आणि आठच दिवसांत सरावाला लागलो. हिवाळ्यात आसपास जितक्या रस्त्यावरच्या शर्यती झाल्या तितक्या केल्या. उन्हाळ्यात घाटावर रोज घड्याळ लावून चढलो. पावसाळ्यात तर मी घरातही सायकल उभी करून घाम गाळला. रविवार नाही, सण नाही.

जुलैत अंगाची कुरकुर सुरू झाली. सकाळी उठल्यावर माझी नाडी मिनिटाला ५२ च्या आसपास असे, ती ६० च्या वर जाऊ लागली. झोप लागेना. भूक मेली. घरात विनाकारण चिडचिड होऊ लागली. जो चढ मी एप्रिलमध्ये सतरा मिनिटांत चढत होतो त्याला एकोणीस मिनिटे लागू लागली. मी काय केले? अधिक सराव केला. मला वाटले, मी कमी पडतो आहे.

अब्बा हे सारे पाहत होते. त्यांना शर्यतींतले काही कळत नव्हते, आणि खरे सांगायचे तर, नोकरीवरून दमून आलेल्या मुलाने पुन्हा सायकल घेऊन का जावे, हेही त्यांना पटत नव्हते. एका संध्याकाळी पावसात भिजून मी दुकानात आलो. पावसाळा म्हणजे भाड्याच्या सायकलींचा मंदीचा काळ. गिऱ्हाईक नसे. त्या दोन महिन्यांत अब्बा एकेक सायकल उघडीत. हबमधले छर्रे काढून रॉकेलमध्ये धूत, झिजलेले बदलीत, नवे ग्रीस भरीत, रिमचा आऊट काढीत. मला ते काम लहानपणापासून कंटाळवाणे वाटे, कारण त्या दिवसांत गल्ल्यात पैसे पडत नसत. त्या संध्याकाळी ते मांडीवर चाक घेऊन बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, हब उघडायचा तर सायकल उभी करावी लागते. चालत्या सायकलीत ग्रीस भरता येत नाही."

मी ऐकले नाही. त्या वर्षी हिमाचलातल्या शर्यतीत तिसऱ्या दिवशी एका चढावर माझे पाय थांबले. दुखापत नव्हती, ताप नव्हता, सायकलही ठीक होती. नुसते पाय थांबले. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि मागून येणारे सगळे, माझ्या दुप्पट वयाची माणसेसुद्धा, पुढे जाताना पाहिली. मग मागून आलेल्या गाडीत सायकल टाकून परत आलो. यंत्रात दोष नव्हता. ग्रीस संपले होते.

त्यानंतर मी पुस्तके वाचली, जाणत्या लोकांना विचारले आणि पुढचे वर्ष निराळे आखले. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून युरोपचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालत नाही. आपले ऋतू पाहून महिने लावावे लागतात. मी मार्चमध्ये तीन आठवडे सायकल भिंतीला टेकवून ठेवली. ते तीन आठवडे सगळ्यांत कठीण गेले. लोक विचारीत, "का रे, सोडलीस काय सायकल?" मग एप्रिल-मे मध्ये पहाटे उन्हाआधी लांब आणि हलकी सायकल. जूनपासून पावसात तेच, डोंगरात न जाता रस्त्यावर, कारण आपल्या जांभ्या दगडावर एकदा शेवाळ धरले की चाकही टिकत नाही आणि माणूसही. आठवड्यातून दोनदा बैठका आणि वजने. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.

त्या वर्षी, २०११ साली, रमजान ऑगस्टमध्ये आला. शर्यतीआधीचा जोरकस सराव खरे तर त्याच महिन्यात करावयाचा. मी रोजे ठेवले आणि सरावाची मांडणी बदलली. इफ्तारीच्या आधीच्या शेवटच्या तासात हलकी सायकल, म्हणजे घरी पोहोचताच पाणी मिळावे, आणि रात्री थोडे ताकदीचे व्यायाम. जोराचा सराव पूर्ण बंद. मला भीती होती की सगळे पाण्यात जाणार. ईदनंतर जोराच्या सरावाला जेमतेम महिना उरला. पण पाया मार्चपासून भरलेला होता. महिनाभरात वेग आला, कारण वेग ज्यावर उभा राहतो ते खाली तयार होते. ज्या चढावर आदल्या वर्षी पाय थांबले होते तो चढ मी मान वर करून चढलो. मी जिंकलो नाही. यादीच्या मध्यावर आलो. पण शेवटच्या दिवशी शेवटची रेषा मी सायकलवर बसून ओलांडली. अब्बांना फोन केला. त्यांनी विचारले, "हब कसा आहे?" मी म्हणालो, "गुळगुळीत."

आता मी ज्या गोष्टीसाठी आज उभा राहिलो ती सांगतो.

याच शाळेत माझ्या बाकावर माझा एक मित्र बसत असे. त्याचे नाव घेत नाही. तो माझ्यापेक्षा चांगला सायकलस्वार होता. शाळा सुटल्यावर आम्ही अब्बांच्या भाड्याच्या सायकली घेऊन घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जात असू, आणि तेथे माझ्याआधी तोच पोहोचे. १९९६ साली आम्ही दहावीला बसलो. मी काठावर पास झालो, तो गणितात आणि इंग्रजीत नापास झाला. त्या काळी फेरपरीक्षा ऑक्टोबरात असे. आता ती जून-जुलैत होते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चार महिने. त्याला जायला शाळा नव्हती, वर्ग नव्हता, हजेरी नव्हती. घरात सगळे म्हणू लागले की पोरगा रिकामा बसला आहे. कोणी वाईट हेतूने म्हटले नाही. घरची ओढाताण होती. ऑगस्टमध्ये त्याला दूरच्या एका गॅरेजवर कामाला लावले. कामात कमीपणा नाही, मीही हातानेच काम करतो. पण ऑक्टोबरची परीक्षा त्याने दिली नाही. त्यानंतरचीही दिली नाही. आठ विषयांचा अभ्यास झालेला मुलगा दोन विषयांसाठी शाळेबाहेर राहिला.

दगडावर बसून मी मागच्यांना पुढे जाताना पाहत होतो तेव्हा मला त्याची आठवण झाली. माझ्याजवळ बिनशर्यतीचे महिने होते, ते मी विश्रांती न घेता जाळून टाकले. त्याच्याजवळही तसेच महिने होते. त्या महिन्यांत काय करायचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. थोडी विश्रांती, मग रोज दोन तास गणित, आठवड्यातून दोनदा एखाद्या शिक्षकाकडे जाणे, एवढीच मांडणी लागत होती. दहा वर्षांच्या शाळेने त्याच्यात जे घडवले होते ते चार महिन्यांत वाहून गेले नव्हते. मघाशी सांगितलेले ते रक्तवाहिन्यांचे जाळे तसेच शाबूत होते. फक्त परत यायचे होते. आणि परत ये म्हणणारे कोणी हवे होते.

पालक मंडळी, शेतकरी उन्हाळ्यात रान नांगरून तापू देतो, ढेकळे फोडतो, बांध नीट करतो. त्या रानात तेव्हा हिरवे पानही दिसत नाही. म्हणून कोणी त्याला रिकामा म्हणत नाही, कारण ती मशागत आहे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याला फक्त पीक दिसते. निकाल लागला की पेढे, नाही लागला की रिकामा. तुमचे मूल सध्या कोणत्या महिन्यात आहे ते आधी पाहा. परीक्षा नुकतीच संपली असेल तर त्याला दोन आठवडे खुशाल खेळू द्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र विचारा की पुढे काय. नापास झाले असेल तर घरातले आवाज कमी करा आणि वेळापत्रक भिंतीवर लावा. मुलगी असेल तर हे महिने अधिकच जपा, कारण मुलीची शाळा पुष्कळदा अशाच एखाद्या सुट्टीत सुटते आणि सुटली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. परीक्षेआधीच्या आठ दिवसांत रात्र-रात्र जागून जे होते तो शेवटच्या चढावरचा जोर आहे. तो लागतो, पण तो पायावर उभा राहतो. पाया जुलैत भरा, ऑगस्टमध्ये भरा, जेव्हा कोणी विचारीत नाही तेव्हा भरा. रोज थोडे, बोलता येईल इतक्या बेताने, पण रोज. आणि थकलात तर थांबायची लाज बाळगू नका. थांबणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. थांबलेल्याला आपण पुन्हा कधी निघणार ती तारीख माहीत असते.

संस्थेच्या चालकांना मी एक नम्र विनंती करतो. ज्या मुलांना आज बक्षीस मिळाले त्यांची यादी आपल्या हाती आहे. ज्यांचे एक-दोन विषय राहिले त्यांचीही एक यादी करावी. त्या यादीतल्या घरी कोणीतरी जाऊन यावे. जमेल तितक्या घरी मी माझ्या सायकलवर जायला तयार आहे.

अब्बा आज नाहीत. दुकानाच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. त्यांचे पाने, पंप आणि छर्‍यांचा डबा मी जपून ठेवला आहे. दर वर्षी मार्चमध्ये मी सायकल उभी करतो, हब उघडतो, छर्रे धुतो आणि नवे ग्रीस भरतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही पहिला धडा हाच देतो. ते विचारतात, "सर, चालवायची केव्हा?" मी म्हणतो, "आधी उभी करा."

  

जय हिंद.